उसनी पुट्टी: प्लास्टिक मॉडेलमधल्या फटी आणि त्या बुजवणाऱ्या पदार्थांची पार्श्वभूमी

विमानाच्या किटचे दोन अर्धे भाग चिकटले, सांधा घासून झाला, प्रायमरचा हात बसला. मग टेबलावरचा दिवा आडवा करून बघितलं की ती दिसते: नाकापासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली केसाएवढी रेघ. बोटाला लागत नाही, पण नख तिच्यावर अडखळतं. ती बुजवायला काय वापरायचं, याची आज डझनभर उत्तरं मिळतात. ट्यूबमधली पुट्टी, दोन वड्या मळून करायचा एपॉक्सीचा गोळा, सुपरग्लू, बाटलीतला दाट प्रायमर, पाण्याने पुसता येणारी पांढरी पेस्ट. या यादीची गंमत अशी की त्यातले बहुतेक पदार्थ मूळचे मॉडेलवाल्यांचे नाहीतच. मोटारींच्या गॅरेजमधून, कारखान्यांतून, टायपिस्टच्या टेबलावरून ते उसने आणलेले आहेत. प्रत्येकाचे गुणदोष त्याच्या मूळ कामातून आलेले असतात, म्हणून कोणता कुठून आला हे माहीत असलेलं बरं.

प्लास्टिकच्या आधी मॉडेल लाकडाची असत. पाइन, बास किंवा बाल्साचा ठोकळा तासून विमान घडवायचं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शत्रूची आणि मित्रांची विमानं ओळखण्याच्या सरावासाठी शाळकरी मुलांकडून अशी लाकडी मॉडेल मागवली, तीही पाच लाख, १:७२ या प्रमाणात. तिथे सांध्याचा प्रश्न फारसा नव्हताच, त्रास होता तो लाकडाच्या रेषांचा. त्यावर उपाय म्हणजे सेल्युलोजच्या डोप नावाच्या वार्निशात टाल्कम पावडर कालवायची, हात मारायचा, घासायचं, पुन्हा मारायचं. पंख आणि धड यांच्यामधली गोलाई भरायला लाकडाचा भुसा घातलेली पेस्ट असे. म्हणजे या छंदाची पहिली पुट्टी सुताराकडूनच आली.

प्लास्टिकची किट बाजारात आली ती १९३६ मध्ये, ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीची ‘पेंग्विन’ मालिका. फ्रॉगची इतर विमानं उडायची, ही उडणारी नव्हती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव. त्यातलं प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट होतं आणि ते वर्षानुवर्षांत वाकतं, पिळवटतं. आज हाती लागणारी जुनी पेंग्विन किट पाहिली तर दोन अर्ध्यांची तोंडं दोन दिशांना असतात. पण मुद्दा प्लास्टिकच्या जातीचा नाही, घडवण्याच्या रीतीचा आहे. वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरायचं आणि थंड झाल्यावर साचा उघडून भाग बाहेर ढकलायचा. पोकळ धड असं अखंड निघत नाही, ते दोन अर्ध्यांतच निघतं. सांधा हा असा त्या रीतीसोबतच जन्माला आला.

शिवाय प्लास्टिक थंड होताना आकसतं. आजच्या बहुतेक किटचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या धडामागे सुमारे एक मिलिमीटर. साचा तेवढा मोठाच कापतात, पण भागाची जाडी सगळीकडे सारखी नसते. जाड जागा शेवटी थंड होते आणि आतल्या बाजूला ओढली जाते, म्हणून पंखाच्या मुळाशी किंवा आतून खुंटी असलेल्या जागी वर खळगा पडतो. साच्यातून भाग ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल ठसे निराळेच. साचा झिजला की कडांना पापुद्रे येतात, ते तासताना कड गोल होते आणि फट रुंदावते. थोडक्यात, प्रत्येक फट काही किट जुळवणाऱ्याच्या हातून झालेली नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं आणि खेळ बदलला. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीचं ‘गोल्डन हाइंड’ जहाज १९५२ चं. जपानच्या टामिया कंपनीचं पहिलं प्लास्टिक मॉडेल, ‘यामातो’ युद्धनौका, १९६० चं. पॉलिस्टायरीन टोल्युइन, एमईके, ब्युटिल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळतं, म्हणून त्याचा गोंद वरवर चिकटत नाही. तो दोन्ही कडा वितळवून एकजीव करतो. यातूनच या छंदाचा स्वतःचा, कुणाकडूनही न आणलेला फिलर, म्हणजे फट बुजवणारा पदार्थ, निघाला: खुद्द किटचं प्लास्टिक. कडांना सढळ गोंद लावायचा, मिनिटभराने दोन्ही अर्धे दाबायचे की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो. दोन दिवस हात लावायचा नाही, मग पात्याने तो मणी खरवडायचा. पुढे लोक स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, तुकडे द्रव गोंदाच्या बाटलीत विरघळवून त्याचा रस ब्रशने भरू लागले. जिथे जमतं तिथे मी अजून हेच करतो, कारण भरलेली जागा आणि बाकीचा भाग एकाच पदार्थाचा असतो आणि सँडपेपर दोघांना सारखाच चावतो.

(याच गोंदाची एक आडकथा. १९६० च्या दशकात मुलं ट्यूबमधल्या गोंदाचा वास हुंगून नशा करतात अशी अमेरिकेत मोठी ओरड झाली, तेव्हा एका मोठ्या उत्पादकाने त्यात मोहरीच्या तेलातला झणझणीत अंश मिसळला. डोळ्यांतून पाणी काढणारा तो गोंद अनेकांच्या आठवणीत आहे.)

तोवर किट म्हणजे मुलांचं खेळणं होतं आणि रेघ दिसली तरी कुणी हटकत नसे. मोठ्या माणसांनी छंद गंभीरपणे घेतला, ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये आयपीएमएस (इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी) ही संघटना उभी राहिली, स्पर्धांमध्ये परीक्षक भिंग घेऊन बसू लागले, तसा सांधा हा दोष ठरला. मग गॅरेजकडे नजर गेली. १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्युको’ या रंगापासून मोटारी नायट्रोसेल्युलोज लॅकरने रंगत होत्या आणि रंगाखालचे बारीक ओरखडे भरायला त्याच लॅकरमध्ये भुकटी घोटलेली पुट्टी असे. काही मिनिटांत सुकते, मऊ घासली जाते. मॉडेलच्या दुकानांत ती छोट्या ट्यूबमध्ये आली. अमेरिकेतली स्क्वॉड्रनची हिरवी ट्यूब त्यातली सर्वांत नावाजलेली.

पण ही पुट्टी पत्र्यावरचे ओरखडे भरण्यासाठी बनली होती. तिच्यातलं द्रावक उडून गेल्यावर ती सुकते आणि जेवढं उडतं तेवढी ती आकसते. ओरखड्यात ते जाणवत नाही. दीड मिलिमीटरच्या फटीत मात्र आज भरलेलं उद्या खाली बसतं. शिवाय पत्र्याला द्रावकाचं काही वाटत नाही, पॉलिस्टायरीनला वाटतं. माझ्या एका जेट विमानाच्या पंखाच्या मुळाशी मी ती एकदाच, जाडसर थापली, दोन दिवसांनी घासली आणि वर चकचकीत चंदेरी रंग दिला. तीन आठवड्यांनी तिथे बोटभर लांब खळगा उमटला होता. खाली मऊ झालेलं प्लास्टिक हळूहळू सुकत आकसत गेलं आणि रंगाला सोबत घेऊन गेलं. तेव्हापासून पातळ थर, थरांमध्ये रात्र, हे मी मोडत नाही.

जे उडूनच जात नाही असं काहीतरी हवं होतं. एपॉक्सीवर स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्वन ग्रीनली यांनी काम केलं आणि सीबा या स्विस कंपनीने १९४६ मध्ये ‘ॲराल्डाइट’ पुढे आणलं. दोन घटक मिसळले की रासायनिक क्रियेने घट्ट होतं, आकसणं नगण्य. त्याच तत्त्वावरची मळायची पुट्टी, वेल्समधली मिलिपुट, दुरुस्तीच्या कामांतून मॉडेलवाल्यांच्या टेबलावर आली आणि टिकली. ओल्या बोटाने तिची कड गुळगुळीत करता येते, हे तिचं वैभव. पण ती प्लास्टिकला नुसती धरते, त्यात शिरत नाही, म्हणून पातळ कड घासताना टवका उडतो. आणि ती प्लास्टिकपेक्षा कडक असते, त्यामुळे निष्काळजीपणे घासलं तर आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं आणि मधे उंचवटा राहतो. टँकच्या मोठ्या फटीला उत्तम, लढाऊ विमानाच्या पाठीवरच्या रेघेला नाही, असं माझं मत.

सुपरग्लूची गोष्ट सर्वांना अर्धी माहीत असते. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीचा नेम धरायच्या पारदर्शक दर्शिकांसाठी प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ ज्याला त्याला चिकटत होता म्हणून त्यांनी तो सोडून दिला. १९५१ मध्ये तो पुन्हा समोर आला तेव्हा तोच दोष कामाचा ठरला आणि १९५८ मध्ये ‘ईस्टमन ९१०’ विक्रीला आला. मॉडेलवाल्यांनी त्यात टाल्कम पावडर कालवली, म्हणजे लाकडी काळातली भुकटी पुन्हा आली. हा फिलर आकसत नाही, पण वाट पाहत बसलात तर दगड होतो. तासाभराच्या आत घासून मोकळं व्हायचं.

त्याची खरी गरज निर्माण केली ती पॅनेल लाइन्सनी. जुन्या किटवर पत्र्याचे जोड उठावदार रेषांनी दाखवत. सांधा घासला की त्या पुसल्या जात, लोक हळहळत आणि सोडून देत. नंतर खोदलेल्या रेषांची पद्धत आली, तेव्हा भरलेल्या जागेवरून सुईने रेघ पुन्हा कोरणं भाग पडलं. ट्यूबमधल्या पुट्टीवर सुई ओढा, कड भुगा होऊन सांडते. टाल्कवाला सुपरग्लू किंवा विरघळलेला स्प्रू मात्र रेघ स्वच्छ धरतो. फिलर निवडताना ‘किती भरतो’ याच्या जोडीला ‘त्यावर पुढे काय करायचंय’ हा प्रश्न इथून आला.

जपानी कंपन्यांनी वेगळीच वाट काढली. गुन्झेचा ‘मिस्टर सर्फेसर’ हा बाटलीतला दाट प्रायमर ५००, १००० आणि १२०० अशा आकड्यांत मिळतो, आकडा वाढेल तसा दाणा बारीक. ५०० ब्रशने फटीत सोडायचा, अर्ध्या तासाने थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने वरचा पुसून काढायचा. घासणं जवळपास नाहीच, शेजारचे रिव्हेट शाबूत. पाण्याने पुसायच्या ॲक्रिलिक पुट्ट्या याच विचाराच्या. त्याआधी हेच काम बरेच जण टायपिंगच्या चुका झाकणाऱ्या पांढऱ्या द्रवाने करत. तो बेट नेस्मिथ ग्रॅहम या सेक्रेटरीने १९५६ मध्ये ‘मिस्टेक आउट’ नावाने विकायला सुरुवात केलेल्या द्रवाच्या वंशातला. टाचणीच्या टोकाएवढी भोकं भरायला तो खरोखर चांगला होता. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पुट्ट्या त्या मानाने नव्या आणि दंतवैद्य दात भरताना वापरतात त्या पदार्थांच्या नात्यातल्या.

कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, कडेला यातलं बहुतेक काही चालत नाही. द्रावक काच धुरकट करतं, सुपरग्लूची वाफ पांढरी बसते. तिथे साधा पांढरा गोंद काडीने भरून ओल्या ब्रशने पुसायचा. आणि फट नखाच्या जाडीपेक्षा रुंद असेल तर कुठल्याच डबीचं झाकण आधी उघडायचं नाही. पॉलिस्टायरीनच्या पातळ पट्टीचा तुकडा कापायचा, फटीत सरकवायचा, द्रव गोंदाचा एक थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग पात्याने छाटायचा. पुट्टी लागलीच तर त्यानंतर, केसाएवढी.