लाल रिंगवाली फाईल किती टिकते?

परवा दादरला रूट कॅनलसाठी खुर्चीत आडवा झालो, खालची दाढ, अर्धं तोंड बधिर, आणि भूल नीट चढेपर्यंत करायला काहीच नाही म्हणून ट्रेकडे बघत बसलो. लाल रिंगची एक फाईल होती, म्हणजे दाताच्या मुळातली नळी आतून खरवडून साफ करायची सुईसारखी बारीक कानस, टोक जेमतेम ०.२५ मिलिमीटर. डॉक्टरांनी ती बोटाने पार कमानीसारखी वाकवून दाखवली, सोडली तर परत सरळ! स्टीलची असती तर वाकडीच राहिली असती.

धातू निकेल-टायटॅनियमचा, डेंटिस्ट लोक नायटाय म्हणतात. १९८८ मध्ये वालिया नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ब्रेसेसच्या तारेपासून याच्या हाताने चालवायच्या फाईली केल्या, मोटरवरच्या नंतर आल्या.

आता मोटर मिनिटाला साधारण ३०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला पाच. दाढेचं मूळ वाकडं असेल तर त्या वळणावर फाईलची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि अर्धा फेरा झाला की उलट, म्हणजे जी बाजू ताणलेली होती तीच आता दाबली जाते. आपण तार इकडे-तिकडे वाकवून तोडतो ना, तेच, फक्त भयंकर वेगात. बारीक तडा पृष्ठभागावर सुरू होतो आणि आत सरकत जातो. दुसरा प्रकार म्हणजे टोक अडकतं आणि मागून मोटर पिळत राहते, म्हणून आजकालच्या मोटरी ठरावीक जोर झाला की आपोआप उलट्या फिरतात.

स्टीलची फाईल तुटायच्या आधी बऱ्याचदा तिचे पीळ उलगडलेले दिसतात, नायटाय मात्र पुष्कळदा काहीच न दाखवता तुटते.

म्हणून 'एक फाईल किती दातांना चालते' हा माझा प्रश्नच जरा चुकीचा निघाला. पुढच्या सरळ दातात जी आरामात फिरेल तीच वाकड्या दाढेत एकदाच वापरून टाकावी लागते. ऑटोक्लेव्हने, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्राने, जंतू मरतात हो, तडा नाही बुजत. आधी दहा नंबरच्या, म्हणजे अजून बारीक, हातफाईलने वाट मोकळी करायची, हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने ओलं ठेवायचं आणि एका जागी फिरवत न बसता आत-बाहेर करायचं, याने आयुष्य वाढतं. हीट ट्रीटमेंट केलेल्या फाईली वळणावर जास्त फेरे झेलतात, पण सोडल्यावर तितक्या टणकन सरळ होत नाहीत, थोड्या वाकलेल्याच राहतात.

माझी दाढ झाल्यावर डॉक्टरांनी लाल रिंगवाली सरळ शार्प्सच्या, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड फेकायच्या, डब्यात टाकली. मला तर ती अगदी नवीकोरी दिसत होती.