डेटा फोल्डरचा मार्ग: नव्या आवृत्तीत काय बदलते, काय बदलत नाही

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत सेटिंगमध्ये ‘डेटा कुठे ठेवायचा’ असा एक रकाना दिसेल. तो रिकामा आहे म्हणून भरण्याची घाई करू नये, ही कृषी सेवा केंद्रे आणि जिनिंगच्या आमच्या सर्व ग्राहकांना विनंती. रकाना रिकामा असेपर्यंत सॉफ्टवेअर पूर्वीचाच मार्ग, म्हणजे डेटा फोल्डरचा कॉम्प्युटरमधला पत्ता, वाचते; ज्यांचा हिशेब आज डी ड्राइव्हवर आहे त्यांचा तो तिथेच राहील, आणि जुन्या सेटिंगच्या फाइलला आम्ही हात लावत नाही.

आतापर्यंत ड्राइव्हच्या अक्षरासह पूर्ण मार्ग द्यावा लागत असे. परंतु हे अक्षर कायमचे नसते. दुसरी हार्ड डिस्क लावली किंवा विंडोज नव्याने टाकले की कालची ‘डी’ आज ‘ई’ होऊ शकते. गेल्या खरिपात पांढरकवड्याच्या एका दुकानात नेमके हेच झाले. दुरुस्तीहून आलेल्या कॉम्प्युटरवर ‘डी’ हे अक्षर डिस्कच्या दुसऱ्याच भागाला मिळाले होते, आणि जुना फोल्डर दिसेना म्हणून आमच्या सॉफ्टवेअरने काही न विचारता तिथे कोरा फोल्डर तयार केला. काउंटरवर कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांसाठी गर्दी, आणि बिल निघाले क्रमांक १ चे. उधारीच्या खात्यात एकही नाव नाही. डेटा ‘ई’वर शाबूत होता, पण चूक आमचीच होती. आता मार्ग सापडला नाही तर सॉफ्टवेअर थांबते, कुठे शोधले ते पडद्यावर दाखवते आणि आपण सांगितल्याशिवाय नवा फोल्डर करत नाही.

जिनिंगमध्ये काट्यावर एक आणि ऑफिसात एक असे दोन कॉम्प्युटर असतील, तर मार्ग अक्षराने न देता मुख्य कॉम्प्युटरच्या नावाने द्यावा, कारण तेच फोल्डर दोन्हीकडे वेगळ्या अक्षराने जोडलेले असू शकते. डेटा विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये ठेवू नये. विंडोज तिथे साध्या लॉगिनला लिहू देत नाही. फोल्डरचे नाव आटोपशीर असावे, कारण पूर्ण मार्गाला साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजूनही अनेक ठिकाणी आडवी येते.

जागा बदलायचीच असेल तर आधी सर्व कॉम्प्युटरवरचे सॉफ्टवेअर बंद करावे, फोल्डर कट न करता कॉपी करावा आणि मगच नवा मार्ग भरावा. शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची बाकी वहीशी ताडून पाहावी. ती जुळली तरी जुना फोल्डर हंगाम संपेपर्यंत पुसू नये.