फरशीवरचे डाग आणि पेट्रोलचा संशय

आग मुद्दाम लावली गेल्याचा संशय आला की तपासनिसाची नजर आधी जमिनीकडे जाते. ज्वाळा वर चढतात, त्यामुळे फरशीवर खोलवर जळालेले वेडेवाकडे डाग दिसले तर तेथे पेट्रोलसारखा द्रव ओतला असणार, असे अमेरिकेतील तपासनीस कित्येक वर्षे मानत होते आणि न्यायालयात तशी साक्षही देत होते.

या समजाला १९९१ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे जबर धक्का बसला. लाइम स्ट्रीटवरील एका घरात आगीत सहा जण दगावले होते आणि वाचलेल्या कुटुंबप्रमुखावर खुनाचा आरोप होता. आग सोफ्यापासून सुरू झाली, असे तो सांगत होता. सरकार पक्षाच्याच तज्ज्ञांनी, जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान यांनी, शेजारचे तसेच पाडायला काढलेले घर घेतले, त्यात सारखाच गालिचा आणि सोफा ठेवला आणि एक थेंबही द्रव न वापरता सोफा पेटवला. छताखाली साचलेल्या तप्त धुराची धग इतकी वाढली की साडेचार मिनिटांच्या आसपास खोलीतील सारे ज्वलनशील सामान जवळजवळ एकदमच पेटले. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात. पुढे जिथे हवा मिळते तिथे, म्हणजे दारे-खिडक्यांजवळ, जमीनही खोल जळते. विझवल्यावर फरशीवर तेच ‘पेट्रोलचे’ डाग होते. आरोप मागे घेण्यात आला. स्वतःचाच दावा असा कसाला लावणारा सरकारी पक्ष विरळा, म्हणून हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

डागांपेक्षा भरवशाचा पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. वाफ उडून जाऊ नये म्हणून जळका अवशेष हवाबंद डब्यात भरतात, तो डबा तापवून वाफ कोळशाच्या पट्टीवर शोषून घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने तिचे घटक वेगळे करतात. जळालेल्या गालिच्यातूनही पेट्रोलमधील टोल्यूइनसारखी काही संयुगे निघतात, त्यामुळे संशय नसलेल्या जागेचा नमुना तुलनेसाठी घ्यावाच लागतो. प्रशिक्षित कुत्र्याने दाखवलेली जागाही या चाचणीविना ग्राह्य धरू नये.

टेक्सासमधील कोर्सिकाना येथे १९९१ मध्येच तीन मुली आगीत गेल्या. ज्वलनशील द्रवाचा अंश फक्त पुढच्या दाराशी सापडला, आणि तेथील ओसरीवर कोळशाची शेगडी असे, जी पेटवायला असाच द्रव वापरतात. तरीही मुख्यतः डागांवर विसंबून वडिलांना दोषी ठरवले गेले आणि २००४ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ही आग लावलेली होती या निष्कर्षाला वैज्ञानिक आधार नाही, असा अहवाल टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने नेमलेले अग्नितज्ज्ञ क्रेग बेलर यांनी २००९ मध्ये दिला.