साओला: आधी शिंगं दिसली, मग प्राणी

मे 1992 मध्ये व्हिएतनामच्या वनखात्याचे आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संवर्धन संस्थेचे संशोधक लाओसच्या सीमेलगतच्या वू क्वांगच्या जंगलात पाहणी करत होते. तिथल्या शिकाऱ्यांच्या घरांत त्यांना शिंगांच्या जोड्या दिसल्या. लांब, जवळपास सरळ, एकमेकींना समांतर. माहीत असलेल्या कोणत्याच प्राण्याची ती नव्हती. तो प्राणी म्हणजे साओला. 1993 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याचं शास्त्रीय वर्णन आलं. कुठल्याच ज्ञात वंशात तो बसेना, म्हणून ‘स्युडोरिक्स’ हा नवा वंश मानावा लागला. दिसायला हरणासारखा, पण जनुकं सांगतात की नातं गाय-म्हशींशी.

‘नवा शोध’ हे अर्थात आपलं म्हणणं. डोंगरातल्या लोकांना तो ठाऊक होताच. साओला हे नावही त्यांचंच: सूत कातायच्या चरख्याचे दोन खांब. ती शिंगं पाहिली की नाव किती नेमकं आहे ते कळतं.

जिवंत साओला जवळून पाहायची संधी फार थोड्यांना मिळाली. 1996 मध्ये लाओसमधल्या लाक साओ गावी एक मादी पकडून ठेवली होती. जीवशास्त्रज्ञ विल्यम रॉबिचॉड यांनी तिचं निरीक्षण केलं. रानातून नुकतीच आणलेली, तरी ती माणसाला हात लावू द्यायची, हातातून पाला खायची. कुत्रा दिसला की मात्र भेदरून जायची. तीनेक आठवडेही ती जगली नाही. मेल्यावर कळलं, ती गाभण होती. हे वाचल्यापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

साओलाच्या शिंगांना किंवा मांसाला औषधाच्या बाजारात खास मागणी नाही. तो मरतो तो दुसऱ्यांसाठी लावलेल्या फासक्यांत. शहरांतल्या हॉटेलांना रानडुक्कर, भेकर, साळिंदर यांचं मांस हवं असतं, आणि सायकल-मोटरसायकलच्या ब्रेकच्या तारेची फासकी जवळजवळ फुकटात बनते. व्हिएतनाममधल्या ह्युए आणि क्वांग नाम इथल्या साओला अभयारण्यांतून वनरक्षकांनी काही वर्षांत लाखाहून जास्त फासक्या काढल्या. काढल्या तितक्या पुन्हा लागत राहिल्या.

2006 पासून साओला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. त्याच वर्षी त्याच्यासाठी तिचा स्वतंत्र कार्यगटही स्थापन झाला. 2010 मध्ये लाओसच्या गावकऱ्यांनी पकडलेला एक नर काही दिवसांतच मेला. सप्टेंबर 2013 मध्ये क्वांग नामच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, एक साओला टिपला. त्यानंतर खात्रीलायक छायाचित्र नाही.

2025 मध्ये 26 साओलांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठीचे अवशेषही पुन्हा शिकाऱ्यांच्या घरांतूनच आले. त्यातून दिसलं की साओलांचे दोन गट हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले होते आणि एकाने गमावलेली जनुकीय विविधता बरीचशी दुसऱ्याकडे शिल्लक आहे. दोन्हींची सांगड घालून पैदास केली, तर जात टिकू शकते. त्यासाठी किमान डझनभर साओला जिवंत सापडायला हवेत.