दैववाणी व छंद, ग्रीक

दैववाणी व छंद, ग्रीक : प्राचीन ग्रीक देवस्थानांतील कौल आणि ते ज्या छंदांत सांगितले जात, त्यांचा परस्परसंबंध. डेल्फाय येथील अपोलो या देवाचे उपलब्ध पद्य कौल प्रामुख्याने होमरच्या महाकाव्यांच्या हेक्झॅमीटर छंदात आहेत. त्याच्या चरणात सहा गण असून मूळ गण आपल्या भगणासारखा (गुरू, लघू, लघू) असतो. पहिल्या चार गणांत दोन लघूंच्या जागी एक गुरू सर्रास येतो, पाचव्यात क्वचित.

या छंदाच्या उगमाविषयीची परंपरा एकमुखी नाही. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअसच्या (इ. स. दुसरे शतक) मते फेमोनोई ही अपोलोची पहिली भविष्यवादिनी व हेक्झॅमीटर प्रथम गाणारी, ही आख्यायिका सर्वाधिक मान्य होती, बोइओ या डेल्फायच्या कवयित्रीने मात्र तो मान ओलेन या पौराणिक कवीला दिला. छंद देवस्थानात जन्मला यापेक्षा तो महाकाव्यांतून तेथे रुळला, हे मत अधिक संभवनीय वाटते.

पिथिया (डेल्फायची कौल सांगणारी स्त्री) स्वतः पद्यात बोलत असे काय, हा खरा वादविषय. देवस्थानाच्या सेवेतील कवी तिचे बोल छंदोबद्ध करीत, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. स्वतः डेल्फायचा पुरोहित असलेल्या ग्रीक लेखक प्लूटार्कच्या काळी कौल गद्यात मिळत. देव केवळ दृष्टी व प्रकाश देतो, वाणी आणि छंद त्या स्त्रीचेच असतात, असा मार्मिक उलगडा त्याच्या संवादात येतो. आधुनिक अभ्यासक जोसेफ फाँटेनरोझ (१९७८) यांनी बहुतेक प्रसिद्ध पद्य कौल अनैतिहासिक ठरविले. त्यांची चिकित्सा मोलाची असली, तरी इतिहासकार हिरॉडोटसच्या काळातील (इ. स. पू. पाचवे शतक) श्रोत्यांना देववाणी पद्यातच अपेक्षित होती, हे तिने खोडले जात नाही.

छंद पाठ टिकवतो, पण नेहमी नाही. इ. स. पू. ४३० च्या अथेन्समधील साथीत वृद्धांना ‘डोरियन युद्ध येईल आणि त्यासोबत महामारी’ (डोरियन : स्पार्टन लोक ज्या ग्रीक शाखेचे होते ती) हा जुना चरण आठवला. मूळ शब्द ‘लोइमॉस’ (महामारी) की ‘लिमॉस’ (दुष्काळ), यावर वाद झाला. दोहोंचे पहिले अक्षर गुरू असल्याने पाचव्या गणात दोन्ही बिनचूक बसतात. लोकांनी भोगाप्रमाणे स्मृती जुळवली, असे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ म्हणतो.

क्लॅरॉस येथील अपोलोच्या देवस्थानाचा पुरोहित काव्यकलेत अनभिज्ञ असूनही पद्यात उत्तरे देई, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. डोडोना येथील झ्यूसच्या देवस्थानातील शिशाच्या पट्ट्यांवरील प्रश्न मात्र साध्या गद्यात आहेत.