सोरायसिससाठी एक्सायमर लेझर

सोरायसिसच्या चट्ट्यावर ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण नेमके तेवढ्याच जागी टाकायचे, ही झाली एक्सायमर लेझर ट्रीटमेंट. लेझर म्हटलं की लोकांना वाटतं चट्टा जाळणार, खरवडणार, नाहीतर केस काढायच्या लेझरसारखं काहीतरी असणार. तसं काही नाही, उन्हात जे यूव्हीबी किरण असतात त्यातलाच हा एक बारीक निवडलेला तुकडा आहे, फक्त जोरात आणि मोजून दिलेला.

सोरायसिस दिसतो त्वचेवर पण खरी गडबड असते इम्युनिटीत. टी पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्वचेत ठाण मांडून बसतात, आयएल-१७, आयएल-२३, टीएनएफ असली दाह वाढवणारी प्रथिनं तयार होत राहतात आणि त्यांच्या तगाद्यामुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढायला लागतात, म्हणजे जी पेशी तळातून वर यायला एरवी महिनाभर घेते ती चारपाच दिवसांतच वर येऊन धडकते, मग अर्धवट तयार झालेल्या पेशींचे थर साचतात आणि लाल चट्ट्यावर त्या पांढऱ्या चंदेरी खपल्या दिसतात. आजार संसर्गाचा नाही, हात लावल्याने होत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

प्रकाशाने त्वचारोग बरे करायची कल्पना जुनीच, नील्स फिन्सेनना त्वचेच्या टीबीवरच्या प्रकाश-उपचारासाठी १९०३ मध्ये नोबेल मिळालं होतं आणि १९२५ मध्ये गोकरमन यांनी सोरायसिसला औषधी डांबर (कोलटार) लावून वरून यूव्ही म्हणजे अतिनील किरण द्यायची पद्धत मांडली. पण नेमके कुठले किरण कामाचे हे पक्कं कळलं १९८१ मध्ये, पॅरिश आणि येनिके या संशोधकांनी वेगवेगळ्या तरंगलांब्या चट्ट्यांवर वापरून बघितल्या तेव्हा. २९० नॅनोमीटर आणि त्याखालच्या किरणांनी कातडी लालेलाल होते पण चट्टा जागचा हलत नाही, गुण येतो तो साधारण ३०० ते ३१३ च्या पट्ट्यात. नॅरोबँड यूव्हीबीचे, म्हणजे यूव्हीबीतला अरुंद पट्टाच देणारे, ३११ चे दिवे याच पट्ट्यातले, आणि आपल्या एक्सायमरचा, म्हणजे झेनॉन क्लोराइड वायूच्या लेझरचा, ३०८ सुद्धा. सोरायसिसवर हा लेझर वापरल्याचा पहिला रिपोर्ट १९९७ मध्ये हंगेरीतून आला आणि २००० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने मान्यता दिली. चष्म्याचा नंबर घालवायला वापरतात तोही एक्सायमरच, पण १९३ नॅनोमीटरचा, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

मग नॅरोबँडच्या दिव्यांची उभं राहायची केबिन असताना लेझर कशाला? केबिनमध्ये अख्ख्या अंगावर प्रकाश पडतो, आणि चांगली त्वचा भाजू नये म्हणून डोस आखडता घ्यावा लागतो. चट्ट्याची त्वचा जाड असते, ती बाजूच्या त्वचेच्या कितीतरी पट डोस सोसते. लेझरचा ठिपका जेमतेम दोनेक सेंटीमीटरचा, तो चट्ट्यावरच ठेवता येतो, त्यामुळे सुरुवातच तगड्या डोसने करता येते, त्वचेतल्या त्या टी पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि सिटिंग कमी लागतात. २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात दहा सिटिंग किंवा चट्टा साफ होईपर्यंत उपचार घेणाऱ्या ९२ पेशंटपैकी ७२ टक्क्यांचे चट्टे सरासरी ६.२ सिटिंगमध्ये किमान ७५ टक्के साफ झाले होते, केबिनला त्यासाठी वीस-तीस सिटिंग सहज लागतात.

सिटिंगमध्ये फार काही घडत नाही. किती डोसला कातडी लाल होते ते आधी छोट्या जागी तपासतात किंवा चट्ट्याची जाडी आणि त्वचेचा रंग बघून डोस ठरवतात. खपल्या जाड असतील तर त्या आधी मलम लावून उतरवाव्या लागतात नाहीतर किरण वरच्यावर अडतात. गॉगल लावायचा, डॉक्टर हँडपीस टेकवत टेकवत चट्टा भरून काढतात, थोडं गरम लागतं, बस्स. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर. डोक्यावर मात्र कटकट, केस बाजूला सारल्याशिवाय किरण पोचतच नाहीत.

त्रास म्हणजे लाली, जळजळ, कधी फोड, आणि चट्टा गेल्यावर त्याच जागी काळपट डाग जो हळूहळू फिकट होतो. फोडाकडे दुर्लक्ष नको कारण सोरायसिसमध्ये जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो, याला कोबनर फिनॉमेनन म्हणतात. ल्युपस (इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), झेरोडर्मा पिगमेंटोसम (अतिनील किरण अजिबात न सोसणारा जन्मजात आजार), आधी होऊन गेलेला त्वचेचा कॅन्सर किंवा उन्हाची ॲलर्जी वाढवणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, सहसा मग हा उपचार टाळतात.

मर्यादा उघड आहे. आपला पंजा बोटांसकट अंगाचा साधारण एक टक्का धरतात, असे दहा पंजे भरतील त्याहून जास्त आजार असेल तर ठिपक्याठिपक्याने लेझर मारत बसणं कुणालाच परवडत नाही. कोपरं, गुडघे, तळहात, तळपाय, डोकं अशा हट्टी जागांसाठी तो खरा. साफ झालेला चट्टा काही महिने शांत राहतो, पुढे परत येऊ शकतो, कायमचा इलाज हा नव्हे. आणि सांधे दुखत, सुजत असतील, सकाळी बोटं आखडत असतील तर तो सोरायटिक आर्थ्रायटिस असू शकतो, तिथे लेझरचा काडीचा उपयोग नाही, त्याला मेथोट्रेक्सेट किंवा दाहाची ठरावीक प्रथिनं अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं अशी आतून काम करणारी औषधंच लागतात.