चुकारे थकतात तेव्हा: जोखीम पसरण्याच्या गणिताची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर यवतमाळ-अमरावतीकडच्या जिनिंगमध्ये गाड्यांची रांग लागते. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईच्या गाठी सूतगिरणीला, सरकी तेल गिरणीला आणि तिची ढेप पुन्हा शेतकऱ्याच्याच गोठ्यात. माल असा पुढे सरकतो नि पैसा त्याच वाटेने मागे येतो, पुष्कळदा उधारीवर. सूतगिरणी अडकली की गावातले चुकारे थकतात आणि कृषी केंद्रवाल्याची उधारीची वही जाड होत जाते.

हे दुखणं जुनं आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. 1865 मध्ये लढाई संपली. भाव पडले, त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजारही कोसळला. पण धक्का कुठून कुठे कसा गेला, याचं गणित तेव्हा नव्हतं.

ते पुढे दोन वाटांनी आलं. कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, याचा तक्ता अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिएफ यांनी 1936 मध्ये अमेरिकेसाठी मांडला. 1973 चं नोबेल त्यांना त्याच पद्धतीसाठी मिळालं. दुसरी वाट चक्क मुंबईच्या प्लेगातून जाते. करमॅक आणि मॅककेंड्रिक यांनी 1927 मध्ये साथीचं गणित मांडलं, आणि ते ताडून पाहायला 1905-06 मधल्या मुंबईतल्या प्लेगबळींचे आकडे घेतले. एका बँकेपाठोपाठ दुसरी बुडण्याला आज ‘संसर्ग’ म्हणतात, तो शब्द साथीच्याच घरचा.

पण उधारी म्हणजे प्लेग नव्हे. रोग वाटल्याने कमी होत नाही, तोटा मात्र वाटल्याने हलका होतो. ॲलन आणि गेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये बँकांबाबत हेच दाखवलं: देणेघेणे अनेकांशी असेल तर धक्का विभागला जातो, मोजक्यांशीच असेल तर एकामागून एक कोसळतात. पुढच्याच वर्षी आयझेनबर्ग आणि नो यांनी हिशेबाची रीत दिली. समजा, सूतगिरणीने जिनवाल्याला 10 लाखांऐवजी 6 लाखच दिले. त्याच्या गल्ल्यात 1 लाख आहे, शेतकऱ्यांचं देणं 9 लाख. म्हणजे 7 लाखच वाटता येतील, रुपयामागे जेमतेम 78 पैसे. तेवढंच कमी मग कृषी केंद्रात पोचतं. सगळ्यांचे असे हिशेब एकाच वेळी जुळवता येतात, हे त्या दोघांनी सिद्ध केलं.

2008 च्या मंदीनंतर या विषयाला खरा जोर आला. 2015 मध्ये अर्थशास्त्रज्ञ असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲलन-गेल यांच्या निष्कर्षाला मुरड घातली: लहान धक्का अनेकांशी देणेघेणे असलेलं दाट जाळं पचवतं, पण धक्का एका मर्यादेपलीकडे मोठा असला तर तेच जाळं तो सगळीकडे पोचवतं.

विदर्भात मला यातली आणखी एक अडचण दिसते. धक्का एका ठिकाणी बसला, तर तोटा वाटून घ्यायला शेजारी हवा. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली, ती शेजाऱ्याच्याही पऱ्हाटीवर होती.